टपावरचं ऊन

कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यातून फियाट आणि पुढे तिचीच ‘पद्मिनी’ बाहेर पडत होती, तेव्हा घाटकोपर-मुलुंडच्या सोसायट्यांत गाडीचा रंग जपणं हे घरचंच काम होतं. रंग एकजीव होता. वरचा थर उन्हाने खडूसारखा पांढरा पडला, की डबीतलं रबिंग कंपाउंड जुन्या बनियनवर घ्यायचं, बोनेट आणि टप दम लागेस्तोवर घासायचं आणि मेणाचं पॉलिश मारायचं. फडक्याला गाडीचा रंग लागे, आणि तो लागायलाच हवा असे. मेलेला थर निघून खालचा ताजा रंग वर येई. फारच बिघडलं तर गल्लीतला पेंटर लांबी (पुट्टी) भरून, ड्युको रंग मारून देई.

नव्वदच्या दशकात रंगाची जातच बदलली. परदेशी कंपन्यांच्या गाड्या आल्या, चंदेरी-सोनेरी मेटॅलिक छटा आल्या. त्या रंगातलं ॲल्युमिनियमचं चूर्ण उघडं राहिलं तर काळवंडतं, म्हणून त्याच्यावर बिनरंगाचं पारदर्शक कवच हवं. तेच क्लिअर कोट. पेंटर त्याला लॅकर म्हणतात. हळूहळू साध्या रंगाच्या बहुतेक गाड्यांवरही ते आलं. त्याची जाडी साधारण चाळीस-पन्नास मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही कमी. खालच्या रंगाची सगळी मदार या पापुद्र्यावर.

सवय मात्र पद्मिनीच्या काळातलीच राहिली. टप फिका दिसला की रबिंग, दर दिवाळीला रबिंग. प्रत्येक घासणीत कवच थोडं झिजतं, आणि ऊन अडवणारं द्रव्यही त्याच्याबरोबर जातं. आता फडक्याला रंग लागला, तर कवच संपलं असं समजावं आणि हात तिथेच थांबवावा. उपनगरांतल्या कितीतरी चांगल्या गाड्या उन्हाइतक्याच या मायेच्या घासण्याने उघड्या पडल्या, असं माझं ठाम मत आहे.

बाकीचं काम आपल्या हवेने आणि रस्त्यांनी केलं. बोरिवली-मुलुंडच्या जुन्या इमारतींना पार्किंग नव्हतंच, गाड्या रस्त्यावरच्या पर्जन्यवृक्षांखाली उभ्या राहत. त्या झाडांना पिठ्या ढेकूण लागला, तेव्हा चिकट थेंब टपावर ठिबकून उन्हात भाजले जात. मग मेट्रोची कामं आली. अंधेरी-दहिसर पट्ट्यात वर्षानुवर्षं सिमेंटची धूळ बसली, पहाटेच्या दवात भिजली आणि कोरड्या फडक्याने पुसली गेली. त्या पुसण्याचे ओरखडे अजून दिसतात. टँकरच्या जड पाण्याने गाडी धुऊन उन्हातच वाळू दिली, तर क्षारांचे गोल डागही उरतात.

घरी काय जमतं, ते कवच किती शिल्लक आहे यावर ठरतं. नुसता मंदपणा असेल, तर सावलीत गाडी धुऊन, क्ले बारच्या मऊ वडीने रुतलेली घाण काढून, दोन-तीन हजार नंबरचा वॉटर पेपर पाण्यासोबत हलक्या हाताने फिरवावा. मग बारीक कंपाउंड, पॉलिश आणि शेवटी वॅक्स. पत्र्याच्या कडांना पेपर लावूच नये. तिथे थर सगळ्यात पातळ असतो.

पांढरे पापुद्रे सुटले असतील, तर कुठलंही पॉलिश उपयोगाचं नाही. सुटलेली कड आठशेच्या पेपरने बोटाला जाणवेनाशी होईपर्यंत उतरवायची, बाकीचा पूर्ण पत्रा बारीक पेपरने मंद करायचा, काचा-रबर झाकायचे आणि क्लिअर कोट पातळ थरांत, मध्ये सुकायला वेळ देत, पत्र्याच्या कडेपर्यंत मारायचा. ठिगळापुरता मारलेला थर त्याच्याच कडेने पुन्हा उचलतो. हार्डनर मिसळायचा टू-के प्रकार जास्त टिकतो, पण त्यातली आयसोसायनेट फुप्फुसांना घातक असतात. कापडी मास्क तिथे कामाचा नाही आणि पोडियमच्या बंद पार्किंगमध्ये तर तो मारूच नये. तो पेंट बूथ असलेल्या पेंटरकडे सोपवावा, असं मी आग्रहाने सांगेन.

मुहूर्त पाहावा तो हवेचा. पावसाळ्यात थिनर उडताना पत्रा गार पडतो, हवेतलं बाष्प ओल्या थरात अडकतं आणि चकाकीऐवजी दुधाळ झाक येते. ऑक्टोबरच्या तापलेल्या पत्र्यावर फवारा पसरायच्या आतच सुकतो आणि संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत राहतो. डिसेंबर-जानेवारीत, दव पूर्ण उडाल्यावर, वारा उठायच्या आधीचे तासच खरे.

आता जिकडेतिकडे सिरॅमिक कोटिंग आणि पारदर्शक फिल्मची दुकानं आहेत. शाबूत कवचावर दोन्ही कामाची आहेत. पापुद्रे सुटलेल्या टपावर मात्र सिरॅमिक धरत नाही, आणि फिल्म पुढे काढायची वेळ आली की उरलंसुरलं लॅकर तिच्याबरोबर सोलून येतं.