नवजात बालकाची राखण : गडचिरोलीपासून मोहालीपर्यंत

चंदीगडला लागून असलेल्या मोहाली जिल्ह्यात बाळंतीण रुग्णालयातून घरी परतली की आशा कार्यकर्तीने तिसऱ्या दिवशी तिच्याकडे जाणे अपेक्षित असते. बाळाचे वजन व तापमान पाहणे, श्वास मोजणे, स्तनपानाची चौकशी करणे, अशा सहा भेटी बेचाळिसाव्या दिवसापर्यंत व्हाव्यात, असा नियम आहे. प्रसूती घरी झाली असल्यास पहिल्या दिवसाची भेट धरून सात. २०११ मध्ये देशभर स्वीकारलेल्या या पद्धतीचे मूळ महाराष्ट्रातील गडचिरोलीत आहे.

तेथे डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९३ पासून ३९ गावांत नवजात बालकांच्या मृत्यूंचा अभ्यास केला. तुलनेसाठी आणखी ४७ गावे होती. त्या काळी बहुतेक बाळंतपणे घरीच होत आणि आजारी तान्ह्याला रुग्णालयात नेण्यास कुटुंबे सहसा तयार नसत. तेव्हा उपचारच घरी न्यायचे ठरले. पण न्यायचे कोणी? बाळंतिणीच्या खोलीत परक्याला सहज प्रवेश नसतो. म्हणून गावातीलच, पाच ते दहा इयत्ता शिकलेल्या स्त्रियांना प्रशिक्षण देण्यात आले. बाळाला ऊब कशी द्यावी, जन्मतः श्वास न घेणाऱ्या बाळाला श्वास कसा द्यावा, जंतुसंसर्ग कसा ओळखावा, हे त्या शिकल्या. प्रसंगी प्रतिजैविकाचे इंजेक्शनही देऊ लागल्या. जन्मताच न्हाऊ घालू नये, चीक पिळून टाकू नये, हे शेजारच्या ओळखीच्या बाईने बाळाला हातात घेऊन सांगितले की सासूही ऐकते. तेच भिंतीवरील फलकाने सांगून भागत नाही.

परिणाम मोजले गेले. नवजात मृत्युदर हजारी ६२ होता, तो १९९७-९८ मध्ये २५.५ वर आला. तुलनेच्या गावांत तो ५९.६ राहिला. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांतील मृत्यूंचे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्के झाले. हे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

राष्ट्रीय कार्यक्रमात भेटींचा आराखडा आला, मात्र इंजेक्शन देण्याचे काम सर्वसाधारणपणे आशांकडे आले नाही. २०११ च्या सूचनांत भेटींचा संच पूर्ण झाल्यावर आशाला २५० रुपये देण्याची तरतूद होती. भेट मोजता येते, म्हणून तिचा हिशेब ठेवला जातो. त्या भेटीत आशा चुलीपाशी किती वेळ बसली आणि आजीशी काय बोलली, यासाठी नमुन्यात रकाना नाही. गडचिरोलीत मात्र सवयी बदलल्या त्या बहुधा अशा बोलण्यातूनच.