पाचवारीच्या नेसणीमागील एक स्त्री

आपल्या सणसमारंभांत पाचवारी साडी ज्या रीतीने नेसली जाते, तिच्या घडणीत ज्ञानदानंदिनी देवींचा वाटा मोठा आहे. १८६४ साली त्या पती सत्येंद्रनाथ टागोर यांच्यासमवेत मुंबईस आल्या. बंगालातील कुलस्त्रिया त्या काळी अंगाभोवती केवळ एक वस्त्र गुंडाळीत. अशा वेषात उंबरठा ओलांडावा तरी कसा? मुंबईच्या पारशी स्त्रियांची नेसण त्यांनी न्याहाळली व पदर डाव्या खांद्यावर घेतला, म्हणजे उजवा हात मोकळा! आत पोलके नि परकर. पुढे ही रीत शिकविण्याची त्यांनी जाहिरातच दिली. ब्राह्मो स्त्रियांनी ती उचलली, आणि तिच्याबरोबर चारचौघांत वावरण्याचे धैर्यही. बंगालात या नेसणीस ‘बोंबाई दस्तूर’ असे नाव पडले. खुद्द मुंबईच्या मराठणींनी मात्र नऊवारीचा कासोटा पुढेही कैक वर्षे सोडला नाही.