ओव्हनमधले झणझणीत फ्राइज, इटालियन वळणाचे

फ्रेंच फ्राइजच्या नावात फ्रान्स आहे, बेल्जियमचे लोक 'ते आमचेच' म्हणून सांगतात, आणि आज मी ते इटालियन वळणानं कसे करायचे हे सांगणार आहे; तेही कढई न तापवता, ओव्हनमध्ये. तेव्हा सुरुवातीलाच एक खुलासा करायला हवा. मिरची आणि चीज घातलेले हे भाजलेले फ्राइज म्हणजे इटलीतला कुठलाही पिढीजात पदार्थ नव्हे. तिथल्या स्वयंपाकातल्या तीन चांगल्या सवयी उचलून केलेला हा घरगुती पदार्थ आहे.

पहिली सवय 'पाताते अल फोर्नो'ची, म्हणजे भट्टीत भाजलेल्या बटाट्यांची. ऑलिव्ह तेल, लसूण आणि रोजमेरीची पानं घालून भाजलेले हे बटाटे इटलीत घरोघरी होतात. दुसरी सवय दक्षिणेकडच्या कलाब्रिया प्रांताची. तिथली माणसं मिरचीची आपल्याइतकीच शौकीन. मिरचीला ते 'पेपेरोंचिनो' म्हणतात. तिथल्या दियामान्ते या गावात १९९२ साली मिरचीचा चक्क उत्सव सुरू झाला. तिसरी सवय ईशान्येकडच्या फ्रिउली भागातली. तिथे बटाटा आणि मोंतासियो नावाचं चीज एकत्र करून तव्यावर 'फ्रिको' भाजतात. बाहेरून कुरकुरीत, आतून मऊ. भाजलेला बटाटा, मिरची-लसणाचं तेल आणि खरपूस चीज एवढं जमलं की आपला पदार्थ झाला.

यात आपल्याला परकं वाटावं असं फारसं काही नाही. बटाटा आणि मिरची या दोन्ही वस्तू मूळच्या अमेरिका खंडातल्या. कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीनंतर त्या युरोपात आल्या आणि पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे पोचल्या. उत्तरेत ज्याला आलू म्हणतात त्याला आपण बटाटा म्हणतो, ती पोर्तुगीजांच्या 'बटाटा'चीच देणगी. इटालियन 'पाताता' हा शब्दही त्याच गोतावळ्यातला.

आता मुख्य प्रश्नाकडे येते. मी स्वयंपाकाचे वर्ग घेते. तिथे हमखास विचारतात, "मॅडम, ओव्हनमधले फ्राइज मऊच का पडतात? एक तर गिचका होतो, नाही तर चिवट काड्या होतात." याचं उत्तर एका शब्दात देता येतं: पाणी. बटाट्याचा जवळजवळ चार पंचमांश भाग पाणी असतो. पाणी १०० अंशांना उकळतं. बटाट्याच्या पृष्ठभागावर ओल आहे तोवर तो पृष्ठभाग शंभर अंशांच्या फारसा वर जातच नाही. आणि खरपूस रंग, तो भाजका वास यायला साधारण १४० अंशांच्या पुढे जावं लागतं. कढईतलं तापलेलं तेल चारी बाजूंनी बटाट्याला भिडतं आणि ओल झपाट्यानं उडवून लावतं. ओव्हनमध्ये तेलाच्या जागी असते गरम हवा, आणि हवा हे काम फार सावकाश करते. म्हणून तेल जे काम मिनिटात करतं, ते आपल्याला बटाटा ओव्हनमध्ये जाण्यापूर्वी हातानं करून द्यावं लागतं. ओव्हनमधल्या फ्राइजची सगळी विद्या एवढीच आहे. आधी पाणी घालवायचं, मग उष्णता द्यायची, मग मिरची आणि सगळ्यात शेवटी चीज. हा क्रम मोडला की पदार्थ बिघडला.

सुरुवात बाजारात होते. बटाटा जुना घ्या. अंगठ्यानं साल निघते तो नवा बटाटा; त्यात पाणी जास्त आणि पिष्ट कमी. तो रश्श्याला चांगला, फ्राइजला नाही. उन्हाळ्यात वेफर्स आणि कीस करणाऱ्या बायकांना हे सांगायला नको. आपल्याकडे 'चिपसोना' या जातीचे बटाटेही मिळतात. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेनं वेफर्ससारख्या पदार्थांसाठीच त्या जाती तयार केल्या. त्यांत पाण्याचा अंश कमी असतो. भाजीवाल्याकडे वेफर्सचा बटाटा मागितलात तरी काम होईल. हिरवट झालेला किंवा कोंब फुटलेला बटाटा मात्र घेऊ नका. त्यात सोलॅनिन नावाचं विषारी द्रव्य वाढलेलं असतं. आणि बटाटे फ्रिजमध्ये ठेवू नका. थंडीनं त्यांतल्या पिष्टाची साखर होऊ लागते. असे बटाटे आतून शिजण्याआधीच वरून काळपट होतात आणि कडवट लागतात.

चार जणांच्या मधल्या वेळच्या खाण्यासाठी अर्धा किलो बटाटे पुरे. सोलून त्यांच्या बोटाएवढ्या जाड, साधारण एक सेंटिमीटरच्या फोडी करा. सगळ्या सारख्या हव्यात, म्हणजे एकाच वेळी शिजतील. दोन-तीन पाण्यांतून धुऊन काढा. पाणी पांढुरकं दिसतं ते वरचं सुटं पिष्ट. ते राहिलं तर फोडी एकमेकींना चिकटतात.

आता एक लिटर पाणी उकळत ठेवा. त्यात एक छोटा चमचा मीठ आणि एक मोठा चमचा पांढरं व्हिनेगर घाला. व्हिनेगर कशाला? बटाट्याच्या पेशींना बांधून ठेवणारं पेक्टिन नावाचं द्रव्य आंबट पाण्यात लवकर विरघळत नाही. त्यामुळे फोड शिजते, पण मोडत नाही. आपल्या आज्या वेफर्सच्या पाण्यात तुरटी फिरवत, तीही काप अखंड राहावेत म्हणूनच. या पाण्यात फोडी सहा-सात मिनिटं उकळा. सुरीचं टोक सहज आत जायला हवं, पण फोड तुटता कामा नये.

चाळणीत निथळून फोडी स्वच्छ सुती पंचावर एकेक करून पसरा आणि पंधरा मिनिटं तिकडे बघू नका. त्यांतून वाफ निघताना दिसेल. ती वाफ म्हणजे आपल्याला नको असलेलं पाणीच. वरची बाजू किंचित पिठूळ, खरबरीत दिसू लागली की बटाटा तयार झाला. हाच खरबरीत भाग पुढे कुरकुरीत होतो. घाईच्या वेळी नेमकी हीच पायरी गाळली जाते आणि दोष मात्र ओव्हनला मिळतो.

तोवर ओव्हन २२० अंशांवर तापत ठेवा. आपल्या घरांत असतो तो छोटा ओटीजी तापायला पंधरा मिनिटं तरी घेतो. त्याचा ट्रेही आतच तापू द्या. फोडींना दीड मोठा चमचा शेंगदाण्याचं तेल हलक्या हातानं चोळा आणि तापलेल्या ट्रेवर एकेरी थरात मांडा. दोन फोडींमध्ये बोटभर जागा हवी. दाटीवाटीनं मांडल्या तर एकीची वाफ दुसरीला भिजवते आणि भाजण्याऐवजी त्या वाफवल्या जातात. ट्रे लहान असेल तर दोन घाणे करा. वीस मिनिटांनी उलटा, मग आणखी दहा ते पंधरा मिनिटं. प्रत्येक ओव्हनचा स्वभाव वेगळा असतो, म्हणून शेवटच्या टप्प्यात घड्याळापेक्षा रंगावर लक्ष ठेवा. साध्या मायक्रोवेव्हच्या नादी मात्र लागू नका. तो बटाट्यातलं पाणी तापवतो, वरची हवा नाही, म्हणून रंग येत नाही. कन्व्हेक्शनची सोय असेल तर चालेल. एअर फ्रायर म्हणजेही पंखा असलेला छोटा ओव्हनच. त्यात २०० अंश पुरतात आणि वेळही कमी लागतो.

फ्राइज सोनेरी होईपर्यंत मिरचीचं तेल करून घ्या. इथे इटालियन माणूस आणि आपण एकाच वाटेनं जातो. स्पॅगेटीसाठी ते तेलात लसूण आणि मिरची परततात, तीही एक फोडणीच. फरक इतकाच, की आपली फोडणी कडकडीत, त्यांची मंद. मिरचीतलं तिखट द्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतं. कोरडी पूड वरून भुरभुरली तर एका घासाला ठसका आणि दुसरा घास फिका. तेलात उतरवली तर तिखटपणा प्रत्येक फोडीला सारखा लागतो. फोडणीच्या पळीत अर्धा मोठा चमचा ऑलिव्ह तेल कोमट करा. त्यात बारीक चिरलेल्या चार लसणीच्या पाकळ्या आणि जाडसर कुटलेल्या सुक्या मिरच्या एक छोटा चमचा घाला. मी रंगाला ब्याडगी आणि तिखटाला संकेश्वरी घेते. लसूण जेमतेम पिवळसर झाला की पळी खाली उतरवा. हे सगळं आधीच ट्रेमध्ये घातलं तर काय होईल? २२० अंशांत लसूण जळून कडू होईल आणि मिरचीचा खाट सुटून घरभर ठसका उठेल.

आता चीज. त्याची दोन कामं आहेत आणि एकच चीज दोन्ही नीट करत नाही. चव देण्याचं काम मुरलेलं कडक चीज करतं, वितळून माया आणण्याचं काम मोझरेला करतं. कडक चीजमध्ये सर्वांत नावाजलेलं ते पार्मिजानो रेजानो. पार्मा, रेजो एमिलिया, मोदेना आणि लगतच्या ठरावीक भागातच ते तयार होतं. किमान बारा महिने मुरवावं लागतं. सुमारे ४० किलोच्या एका चाकासाठी साधारण ५५० लिटर दूध लागतं. किंमत का चढी असते ते यावरून समजावं.

शाकाहारी घरांसाठी मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण दुकानात ती कोणी सांगत नाही. अस्सल पार्मिजानोचं दूध वासराच्या जठरातून काढलेल्या रेनेटनं विरजतात. म्हणजे ते शाकाहारी नाही. भारतात सूक्ष्मजीवांपासून मिळवलेलं रेनेट वापरून केलेलं कडक चीज मिळतं. पाकिटावरचा हिरवा ठिपका बघूनच घ्या. चवीत थोडा फरक पडेल, पण ज्या घरात नियम पाळले जातात तिथे तो फरक परवडतो. फसवणूक परवडत नाही.

चाळीस ग्रॅम कडक चीज अगदी बारीक किसा, साठ ग्रॅम मोझरेला जाडसर किसा. फ्राइज सोनेरी झाले की ट्रे बाहेर काढा. मिरची-लसणाचं तेल घालून हलवा, ट्रेमध्येच जरा जवळ आणा, दोन्ही चीज भुरभुरा आणि फक्त चार-पाच मिनिटं परत आत ठेवा. चीज वितळून एखाद-दुसरा तपकिरी ठिपका दिसला की बस्स. जास्त वेळ ठेवलं तर चीजमधली प्रथिनं आवळतात, तूप सुटतं आणि वर रबरासारखा पापुद्रा राहतो. बाहेर काढल्यावर चिमूटभर ओरेगॅनो चुरडून घाला. मीठ चाखून मगच घाला, कारण कडक चीज चांगलंच खारट असतं.

आता पथ्याविषयी. माझ्या वर्गातल्या एका ताईंच्या यजमानांची अँजिओप्लास्टी झाली. डॉक्टरांनी तळलेलं बंद केलं. तेव्हापासून घरात दोन ताटं वेगळी झाली. मुलं फ्राइज खात असली की ते उठून आतल्या खोलीत जातात. त्या म्हणाल्या, "सगळ्यांना एका ताटलीतून खाता येईल असं काही सांगा." अशी घरं पुष्कळ असतील, म्हणून खरं तेच सांगते. या कृतीत तेल माणशी दीड छोटा चमचा पडतं. कढईत उरलेलं तेल पुन्हापुन्हा तापवण्याचा मोहही टळतो. हा मोह साधा नव्हे. वारंवार तापलेल्या तेलात घातक द्रव्यं साठत जातात. म्हणूनच आपल्या अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणानं १ जुलै २०१८ पासून अशा ध्रुवीय संयुगांना २५ टक्क्यांची मर्यादा घातली. त्यापुढे ते तेल वापरायचं नाही.

पण 'भाजलेलं म्हणजे पथ्याचं' हा समज खरा नाही. चीजमध्ये स्निग्धांश आणि मीठ दोन्ही भरपूर असतं. त्या ताईंना मी सुचवलं ते असं: चीज घालण्याआधी यजमानांचा वाटा ट्रेच्या एका कडेला सारायचा, त्यावर मिरची-लसूण आणि वरून लिंबू पिळायचं, चीज बाकीच्या भागावर. ट्रे एकच, फ्राइज तेच. किती खायचे आणि कधी, हे मात्र डॉक्टरांना विचारून ठरवायचं. आणि रंग सोनेरीच ठेवायचा. पिष्टमय पदार्थ १२० अंशांच्या पुढे तापले की त्यांत अॅक्रिलामाइड तयार होतं, हे स्वीडनमधल्या संशोधकांनी २००२ साली दाखवून दिलं. रंग जितका गडद तितकं ते जास्त. तळलं काय आणि भाजलं काय, हा नियम दोन्हींना लागू आहे.

शेवटची सूचना वाढण्याविषयी. हे फ्राइज कोणासाठी थांबत नाहीत. बाहेर काढल्यापासून दहा मिनिटांत आतली वाफ कुरकुरीत कवचाला मऊ करते आणि चीज घट्ट होऊ लागतं. म्हणून आधी सगळ्यांना हाक मारून बसवा, आणि मगच ओव्हनचं दार उघडा.