नुसत्या शब्दाची किंमत

शेताचा व्यवहार तोंडी ठरला होता. आमच्या ओटीवर चहा झाला, भाव पक्का झाला आणि ‘उद्या सकाळी विसार घेऊन येतो’ असं सांगून समोरचे गृहस्थ उठले. सकाळी निरोप आला, जमत नाही. एक पैसा हातात पडला नव्हता. वडिलांनी दुसऱ्या गिऱ्हाइकाला नकार कळवला नव्हता, विसार पावतीचा स्टँपपेपरही आणला नव्हता. मग वडिलांचं बुडालं काय? पुढे मी करार कायदा शिकवायला लागलो, तेव्हा हाच प्रश्न जन्मभर पुरलेला माणूस पुस्तकांतून भेटला : पॅट्रिक अतिया.

अतियांचा जन्म १९३१चा. वडील एडवर्ड अतिया लेबनॉनचे, लेखक, आई स्कॉटिश, थोरले भाऊ मायकेल म्हणजे १९६६चं फील्ड्स पदक मिळवणारे गणिती. पॅट्रिक ऑक्सफर्डला शिकले आणि सुदानात खार्तूम विद्यापीठात शिकवायला गेले. मग घानात सरकारी वकिली, ऑक्सफर्डचं न्यू कॉलेज, कॅनबेरा, वॉरिक, आणि १९७७ ते १९८८ पुन्हा ऑक्सफर्डला इंग्लिश कायद्याचे प्राध्यापक. सुरुवातीची पुस्तकं विद्यार्थ्यांसाठी होती, मालविक्रीवर, करारावर. जो कायदा आपण इतका नीटनेटका मांडून दाखवतो तो मुळात उभा कशावर आहे, ही शंका मात्र कॅनबेरातल्या त्यांच्या १९७१च्या उद्घाटनपर व्याख्यानात उघडपणे समोर आली. विषय होता प्रतिफल, म्हणजे वचनाच्या बदल्यात द्यायचा मोबदला. प्रतिफल म्हणजे केवळ देवघेव नव्हे, वचन पाळायला लावण्यासाठी न्यायालयाला पटलेलं कारण म्हणजे प्रतिफल, असं ते म्हणाले.

हे मला आपल्याच दोन जुन्या खटल्यांतून उमगलं. हावड्यात नगरसभागृह बांधायचं ठरलं, वर्गणीची यादी फिरली, एकाने १०० रुपयांचा आकडा घातला. वर्गणीच्या भरवशावर कंत्राट दिलं गेलं. यादी वाढली तसा आराखडाही वाढला आणि खर्च २६ हजारांवरून ४० हजारांवर गेला. मग त्या गृहस्थाने हात आखडता घेतला. त्याला स्वतःला या व्यवहारात काहीच मिळणार नव्हतं, तरी १८८६ साली कलकत्ता उच्च न्यायालयाने १०० रुपये भरायला लावले. १९१४चा अलाहाबादचा खटला याच्या उलट. मशिदीच्या कामासाठी कबूल केलेले ५०० रुपये मागितले गेले, पण त्या शब्दावर विसंबून कोणी काहीच केलं नव्हतं. दावा फेटाळला गेला. दोन्हीकडे वचन होतं. फरक एवढाच, की हावड्यात शब्दावर विसंबून कोणीतरी पाऊल टाकलं होतं.

अतियांचं सगळं म्हणणं या फरकात आहे. बंधन येतं ते दुसऱ्याकडून घेतलेल्या लाभातून किंवा त्याने टाकलेल्या भरवशातून. दोन्ही घडायच्या आतच शब्द मोडला, तर नफ्याइतकी पूर्ण भरपाई कशाच्या बळावर द्यायची? १९३६मध्ये फुलर आणि परड्यू यांनी अमेरिकेत भरवशाचं नुकसान आणि हुकलेला नफा वेगळे करून दाखवले होते. अतियांनी त्या कल्पनेला इतिहासाची जोड दिली. ‘द राइज अँड फॉल ऑफ फ्रीडम ऑफ काँट्रॅक्ट’ हा १९७९चा जवळजवळ आठशे पानांचा ग्रंथ त्यांनी १७७० आणि १८७० या दोन वर्षांवर तोलला आहे. या दोन वर्षांमधल्या शतकात माणसाची इच्छा हाच कराराचा पाया मानला गेला. त्याआधी तसं नव्हतं आणि त्यानंतर ते ओसरत गेलं. हे सारं सांगताना ते कारखानदार, अर्थशास्त्रज्ञ आणि न्यायाधीश यांना एकाच पटावर आणतात. कायद्याचा इतिहास इतक्या ऐसपैस लिहिलेला मी दुसरीकडे वाचलेला नाही.

१९८१मध्ये ‘प्रॉमिसेस, मॉरल्स अँड लॉ’ आलं. त्याच वर्षी हार्वर्डच्या चार्ल्स फ्रीड यांचं ‘काँट्रॅक्ट अ‍ॅज प्रॉमिस’ही आलं, अगदी उलट्या बाजूने. फ्रीड प्रागमध्ये जन्मले, लहानपणीच कुटुंबासह तिथून निसटले, पुढे अमेरिकेचे सॉलिसिटर जनरल झाले. त्यांचं म्हणणं असं : वचन देणारा स्वतःच्या मर्जीने दुसऱ्याला आपल्यावर विसंबायला बोलावतो. ते मोडणं म्हणजे त्या माणसाला वापरून घेणं, मग तोटा होवो न होवो. अतियांनी या पुस्तकाचं परीक्षण लिहिलं. ते आणि मूळ पुस्तक शेजारी ठेवून वाचावं.

माझा कौल मी लपवत नाही. भरपाई किती, या प्रश्नावर अतिया बरोबर आहेत. पण बंधनाच्या मुळाशी ते कमी पडतात. मी तुमच्यावर भरवसा टाकला तो का रास्त ठरतो? शब्द बांधतो हे आधीच मानलेलं असतं म्हणून. भरवशाला पाया म्हणायचं, आणि तो भरवसा मात्र वचनावरच उभा, हे वर्तुळ त्यांच्याकडून सुटलं नाही.

मत बदलण्याची त्यांना भीती नव्हती, आणि मला ते यासाठी मोठे वाटतात. अपघाताच्या भरपाईवरचं १९७०चं पुस्तक लिहिताना त्यांचा ओढा सर्वांसाठीच्या सामाजिक तरतुदीकडे होता. १९९७च्या ‘द डॅमेजेस लॉटरी’त त्यांनी शारीरिक इजेचे दावेच बंद करा, ज्याने त्याने स्वतःचा विमा उतरवावा, असं मांडलं. मला ते पटत नाही. ज्याला हप्ता परवडत नाही त्याने काय करायचं? पण कोर्टाची भरपाई ही सोडत आहे, हे निदान दोन्ही पुस्तकांत सारखंच प्रामाणिक आहे. २०१८मध्ये अतिया गेले, २०२४मध्ये फ्रीड.

वडिलांचं ते शेत महिन्याभरात दुसऱ्याने घेतलं, आणि जास्त भावाने. अतियांच्या हिशेबात तो मोडलेला शब्द आमच्या फायद्याचाच ठरला. पुढे बऱ्याच वर्षांनी एका लग्नात ते पहिले गृहस्थ वडिलांच्या शेजारच्या पाटावर येऊन बसले. वाढणं सुरू झालं होतं. वडिलांनी पानाला नमस्कार केला आणि जेवण न करता ते पंगतीतून उठले.