मानेतील न दिसणारी गाठ

जळगाव-धुळ्याच्या बाजारात किंवा कचेरीच्या व्हरांड्यात तळहातावर तंबाखू-चुना मळणारा माणूस दिसणे नवलाचे नाही. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. तंबाखूची सवय मात्र सुटली नाही. तिची परिणती जिभेच्या किंवा गालाच्या कर्करोगात झाली, की सर्वांची नजर तोंडातील जखमेवर खिळते. वस्तुतः रुग्णाचे आयुष्य पुष्कळदा मानेवर अवलंबून असते.

तोंडातील व घशातील रोगपेशी लसिकावाहिन्यांतून प्रथम मानेतील ग्रंथींत उतरतात. बोटांना गाठ लागेपर्यंत तेथे रोग चांगलाच मूळ धरून बसलेला असतो. सोनोग्राफीत अधिक दिसते, सुईने पेशी काढूनही तपासता येतात. तरीही ग्रंथीत दडलेला चिमुकला पुंजका दोहोंच्याही हातून निसटू शकतो. काढलेली ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्यावरच खात्री पटते.

मग मान निर्दोष वाटत असताना ग्रंथी काढाव्यात काय? अनेकांची शस्त्रक्रिया व्यर्थ ठरेल, खांद्याचे दुखणे मागे लागेल, हा आक्षेप पोकळ नव्हता. हा जुना वाद मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने कसोटीस लावला. डॉ. अनिल डीक्रूझ आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली ५०० रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. सर्वांचा मुखकर्करोग प्रारंभावस्थेत होता. ज्यांच्या ग्रंथी मूळ शस्त्रक्रियेबरोबरच काढल्या, त्यांपैकी सुमारे ३० टक्क्यांच्या मानेत रोग दडलेला आढळला. तीन वर्षांनंतर या गटातील ८० टक्के रुग्ण हयात होते. गाठ दिसेपर्यंत थांबलेल्या गटात हे प्रमाण ६७.५ टक्के होते.

खानदेशाच्या दृष्टीने या आकड्यांना विशेष अर्थ आहे. ‘थांबू आणि पाहू’ हे धोरण वारंवार तपासणीस येणाऱ्या रुग्णालाच परवडते. मजुरी बुडवून मुंबई गाठणाऱ्या शेतमजुराची पुढची फेरी लांबते. रोग मात्र थांबत नाही.

म्हणून तीन आठवड्यांत न भरणारा तोंडातील व्रण तत्काळ दाखवावा आणि शस्त्रक्रिया ठरताच मानेचे काय करणार, हे डॉक्टरांना आवर्जून विचारावे. शिक्षक आणि कारकून मंडळींनी एवढी गोष्ट आपल्या गावापर्यंत पोचविली, तरी काही संसार उघड्यावर पडण्यापासून वाचतील.