पुड्यावर तारीख लिहा

महिन्याच्या किराण्यात तेलाचा हिशेब होतो, साखरेचा होतो, डाळीचा तर होतोच. मिठाचा कोणी करत नाही. एकदा करून बघा. घरात चार माणसं आणि एक किलोचा पुडा महिनाभर पुरतो, असं धरू. म्हणजे माणशी रोज आठ ग्रॅमहून थोडं जास्त. त्यातलं मासे चोळायला गेलेलं वजा करा. पण मग स्टेशनबाहेरचा वडापाव, फरसाण आणि वेफर मिळवायला हवेत. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसासाठी घातलेली मर्यादा आहे दिवसाला ५ ग्रॅमहून कमी. सगळं धरून, सपाट एक छोटा चमचा.

हा घरगुती अंदाज फार चुकत नाही. मुंबई महापालिकेने याच संघटनेच्या साथीने २०२१ मध्ये १८ ते ६९ वयोगटातल्या मुंबईकरांची पाहणी केली. तिच्यात मिठाचं रोजचं सरासरी प्रमाण ८.६ ग्रॅम निघालं, आणि उच्च रक्तदाब आढळला ३४ टक्के लोकांत. दर तिघांत एक!

खाडीकाठचं मीठ

मानखुर्द सोडून वाशीची लोकल पुलावर चढली की खारा वारा डब्यात शिरतो. हा सगळा काठच मिठागरांचा: मुलुंड, भांडुप, कांजूर, घाटकोपर, मंडाळे. भरतीचं पाणी आत घ्यायचं, उन्हात आटवायचं, तळाला धरलेलं मीठ ओढून ढीग लावायचे. अशा आगरांत पिढ्यान्‌पिढ्या राबले ते आगरी. १९३० साली वडाळ्याच्या मिठागरांवर सत्याग्रही धडकले, कारण गरिबाच्या चिमूटभर मिठावरही सरकारचा कर होता. मिठाशिवाय माणूस जगत नाही, हे त्या लढ्याच्या मुळाशी होतं. ते आजही खरं आहे. प्रश्न आहे तो किती, एवढाच.

काट्यावरचा किलो

मिठाने वजन वाढतं का? मिठात उष्मांक नाहीत, त्यामुळे त्याची थेट चरबी होत नाही. तरीही लग्नाच्या पंगतीत पापड-लोणचं भरपूर झालं की दुसऱ्या दिवशी अंगठी रुतते, पाय जड होतात, काटाही पुढे सरकलेला असतो.

याचं उत्तर सलाईनच्या बाटलीत आहे. एक लिटर सलाईनमध्ये ९ ग्रॅम मीठ असतं, कारण रक्तातला खारटपणा साधारण तेवढाच. शरीर हे प्रमाण मोडू देत नाही. जादा मीठ आत आलं की तहान लागते, पाणी धरून ठेवलं जातं, आणि मूत्रपिंडं ते मीठ बाहेर टाकेपर्यंत वजन वाढलेलं दिसतं. म्हणूनच मीठ तोडलं की पहिल्या आठवड्यात 'दोन किलो उतरले' असा आनंद होतो. उतरलेलं बरंचसं ते पाणीच.

खरी वाढ आडवाटेने होते. खारट शेव हात थांबू देत नाही आणि तिच्याबरोबर तेल पोटात जातं. वर तहान भागवायला गोड थंड पेय येतं. लंडनच्या संशोधकांनी २०१५ मध्ये ब्रिटनमधली आकडेवारी तपासली, तेव्हा रोजच्या प्रत्येक जादा ग्रॅम मिठामागे लठ्ठपणाचा धोका सुमारे पाव पटीने जास्त दिसला. मीठच कारण, असं एवढ्यावरून सिद्ध होत नाही. पण सोबत पक्की दिसते.

वजनापेक्षा मोठी काळजी रक्तदाबाची. तो वर्षानुवर्षं चढा राहिला की हृदय, मेंदू आणि मूत्रपिंडं झिजतात, तीही आवाज न करता. चीनमधल्या ६०० गावांत सुमारे २१ हजार लोकांवर झालेल्या अभ्यासात निम्म्या गावांना, एक चतुर्थांश सोडियमऐवजी पोटॅशियम असलेलं मीठ दिलं. २०२१ मध्ये निष्कर्ष आला: पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी. मात्र मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी असं मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच घेऊ नये.

फराळाच्या डब्यात

चकलीचं पीठ मळताना आपण चिमूटभर चाखतो आणि 'अजून थोडं' म्हणतो. तिथेच फसतो. तळताना पिठातलं पाणी उडून जातं, मीठ मात्र तेवढंच उरतं. कच्चं पीठ किंचित अळणी लागलं, की चकली बरोबर उतरते. चिवड्यात मीठ कमी करून लिंबूफूल आणि भाजलेलं जिरं वाढवा. पापडखार आणि खायचा सोडा यांतही सोडियम असतं. सुकट, बोंबील दोन पाण्यांतून काढा. पाकिटावर ४०० मिलिग्रॅम सोडियम लिहिलं असेल, तर ते १ ग्रॅम मीठ समजा. घरातलं मीठ आयोडीनयुक्तच असू द्या; थायरॉईडला ते लागतं. ताटात वरून मीठ वाढणं तेवढं बंद करा. काही आठवड्यांत जीभ सरावते, आणि मग पूर्वीची भाजीच खारट लागते.

दिवाळी पाडव्याच्या पहाटे घाटकोपर-मुलुंडच्या गुजराती वस्त्यांत 'सबरस' अशी हाक येते आणि नव्या वर्षाची पहिली खरेदी मिठाची होते. आपल्याकडेही त्या दिवशी नव्या वह्या उघडतात. यंदा त्याच मुहूर्तावर मिठाचा नवा पुडा फोडा आणि त्यावर पेनाने तारीख लिहा. चौघांच्या घरात तो निदान पन्नास दिवस पुरायला हवा. आज तीस दिवस पुरत असेल, तर पुढच्या खेपेला पस्तीस, मग चाळीस. हा हिशेब कोणत्याही वहीतल्या हिशेबाइतकाच मोलाचा आहे.