मनीच्या अंगावरील कोंडा

मांजर मुद्दाम पाळावें लागत नाहीं. तें आपण होऊनच घरचें होऊन बसतें. आमच्या पुण्याच्या घरीं मनी अशीच आली, आणि आज सात वर्षें आमच्या मातुश्रींच्या उशाशीं निजत आहे. गेल्या मार्गशीर्षांत एके सकाळीं मातुश्रींच्या काळ्या शालीवर पिठासारखी पांढरी भुकटी पडलेली दिसली. मनीच्या पाठीवरून हात फिरवून पाहतां केस राठ लागले, व शेपटीच्या मुळाजवळ कोंडा पसरलेला आढळला. त्या निमित्तानें आम्हांस जें शिकावयास मिळालें, तें वाचकांच्या उपयोगीं पडावें म्हणून येथें देत आहों.

एकत्र कुटुंबांत वैद्यांची वानवा कधींच नसते. काकूंनीं कापूर घातलेलें खोबरेल तेल चोळण्याचें ठरविलें. धाकट्या चिरंजीवांनीं स्वतःचा कोंड्यावरील शांपू पुढें केला. हे दोन्ही उपाय होण्यापूर्वींच आम्हीं मनीस पशुवैद्यांकडे नेलें, हें तिचें सुदैव. मांजर अंगास लागलेला प्रत्येक पदार्थ चाटून पोटांत घेतें, आणि कित्येक द्रव्यें निर्विष करण्याची जी शक्ति मनुष्याच्या यकृतांत असते, ती त्याच्या यकृतांत फारच थोडी असते. कापूर, फिनेल, टी-ट्री तेल, तसेंच कुत्र्यांच्या पिसवांवरील औषधांत असणारें पर्मेथ्रिन, हीं द्रव्यें त्यामुळें मांजरास विषासमान होतात. माणसांचे औषधी शांपूहि त्याच्या कातडीस वर्ज्यच समजावे.

कातडीचा वरचा थर झिजून गळत असतो व खालून नवा येत असतो. निरोगी मांजराच्या अंगावरून गळणारे कण सहसा डोळ्यांस दिसत नाहींत. ही उलाढाल बिघडली, किंवा मांजराकडून अंग नीट चाटलें गेलें नाहीं, म्हणजे कोंडा दिसूं लागतो; थंडींतील कोरड्या हवेनें तो वाढतो. जीभ ही मांजराची फणीच होय. तिच्यावरील कांट्यांचीं टोकें पळीसारखीं खोलगट असून त्यांतून लाळ केसांच्या मुळांपर्यंत पोंचते, असें २०१८ सालीं अमेरिकेंतील जॉर्जिया टेक या संस्थेंतील संशोधकांनीं दाखविलें. लठ्ठ किंवा सांधे धरलेल्या वृद्ध मांजराची ही फणी कमरेपर्यंत पोंचत नाहीं. म्हणून त्याच्या पाठीच्या खालच्या भागीं कोंडा साठतो.

पशुवैद्यांनीं प्रथम काळ्या कागदावर कोंडा झाडून तो भिंगाखालीं पाहिला. कण हालतांना दिसले, तर तेथें केलेटिएला नांवाचा, गोचिडीच्या कुळांतला सूक्ष्म जीव आहे असें समजावें. त्याला 'चालता कोंडा' असेंच म्हणतात. तो, तसेंच केस गळून वाटोळे चट्टे पाडणारा नायटा, हे दोन्ही विकार माणसांसहि लागतात. ज्या घरीं लहान मुलें आहेत तेथें याविषयीं हयगय करूं नये. मनीच्या अंगावर तसें कांहीं निघालें नाहीं. मग त्यांनीं विचारलें, "ही खाते काय?"

मातुश्री अभिमानानें म्हणाल्या, "दोन्ही वेळां दूधभात, वर साजूक तुपाची धार. आमच्या घरांत दुसरें कांहीं येत नाहीं."

"आजी, मग हिचा रोग ताटलींतच आहे," ते हलक्या आवाजांत म्हणाले.

मांजर हा अस्सल मांसाहारी प्राणी आहे. कातडी मऊ राखण्यास लागणारीं कांहीं स्निग्ध आम्लें आपलें शरीर वनस्पतींच्या तेलांपासून घडवूं शकतें. मांजरास अ‍ॅराकिडोनिक आम्ल प्राण्यांच्या चरबींतून तयारच मिळावें लागतें. गाजरांतील द्रव्यापासून अ जीवनसत्त्व करणेंहि त्याला साधत नाहीं. कातडी व केस प्रथिनांचे बनलेले, आणि भातांत तीं थोडीं. टॉरिन नांवाचें द्रव्य मांसांत असतें, धान्यांत नसतें. त्याच्या अभावीं मांजराची दृष्टि अधू होते. हृदयहि दुबळें होतें, हें १९८७ सालीं कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनीं प्रसिद्ध केलें. राहिलें दूध, तर वाढलेल्या पुष्कळ मांजरांस त्यांतील साखर पचत नाहीं.

घरीं परततांना मातुश्री गप्प होत्या. ज्या घरांत तीन पिढ्यांत अंडें आलें नाहीं, तेथें मांसाचें अन्न आणावें कसें, हा प्रश्न लहान नव्हता. मनीस दुसऱ्या घरीं देण्याची सूचनाहि निघाली. दोन दिवसांनीं मातुश्री आपण होऊन म्हणाल्या, "गाईला आपण मांस घालीत नाहीं, मग हिला भातावर ठेवणें तरी बरें कसें? सात वर्षें मीं हिला अर्धपोटीं ठेवलें रे. मागच्या पडवींत हिची ताटली वेगळी असूं दे. माझ्या सोंवळ्यांत मात्र ती येतां कामा नये."

आतां मनीस मांजरांसाठींचें तयार अन्न मिळतें. तें पूर्ण आहार असल्याचें व त्यांत टॉरिन असल्याचें पाकिटावर पाहून घेतों. अन्न एकदम न बदलतां आठ-दहा दिवसांत थोडें थोडें करून बदललें. कारण मांजर अन्न सोडून बसल्यास थोड्या दिवसांतच त्याचें यकृत बिघडूं शकतें. पाण्याचीं दोन पसरट भांडीं ताटलीपासून दूर ठेवलीं आहेत. सायंकाळीं आमची कन्या मऊ ब्रशानें तिचे केस विंचरते. वारंवार न्हाऊं घालणें टाळावें. त्यानें कातडीवरचें स्वाभाविक तेल धुऊन जातें. मासळीचें तेल द्यावयाचें तर मात्रा पशुवैद्यांस विचारूनच द्यावी. इतकें करून दीड-दोन महिन्यांत उतार न पडल्यास, किंवा मांजर खाऊनहि वाळत असल्यास व फार पाणी पीत असल्यास, मधुमेह अथवा कंठग्रंथीचा विकार असूं शकतो. तेव्हां वेळ न दवडतां रक्त तपासून घ्यावें.

फाल्गुन संपेपर्यंत मनीची पाठ पुन्हां तुळतुळीत झाली. ताटली मांडण्याच्या वेळीं मातुश्री अजूनहि पडवीकडे फिरकत नाहींत. परंतु मनी जेवली कीं नाहीं, हें विचारल्याखेरीज त्या स्वतः पानावर बसत नाहींत.